टोमॅटोला टॉनिक मारलं की पान खरंच जास्त अन्न बनवतं का?

प्रश्न हातकणंगल्याकडच्या एका पोराचा आहे, थोडक्यात असा. वीस गुंठे टोमॅटो, बेडवर मल्चिंग आणि ड्रिप, फेब्रुवारीच्या मध्याची लागण, आता मार्च संपत आलाय. शेंडा जोरात चाललाय, पानाला काळोखी पण आहे, पण पहिल्या दोन घोसांची फुलं गळायलीत. दुकानदारानं तीन बाटल्या काढून दिल्यात, एक जीएची, एक एनएएची आणि एक ब्रासिनोची (तिन्ही संजीवकं, म्हणजे झाडाच्या वाढीची हार्मोनं), आणि सांगितलंय की यानं प्रकाशसंश्लेषण वाढतं आणि माल दीडपट निघतो. तिन्ही एका टाकीत मारू का असं विचारतोय.

भावा, एका टाकीत तर अजिबात मारू नको. जीएची बाटली परत देऊन ये, घेत असतील तर. बाकी दोनचं खाली सांगतो, पण आधी हे प्रकाशसंश्लेषणाचं जे गणित दुकानात सांगतात ना ते जरा नीट बघू, कारण त्या एका शब्दावर आपल्याकडं निम्मी टॉनिकं खपतात.

झाडाचं अन्न बनतं पानात. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड, तो हवेत असतो जेमतेम 0.042 टक्के, तो पानाच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि साखर होते. संजीवक कुठलंही घे, त्यात ना कार्बन असतो कामापुरता ना ऊन. संजीवक म्हणजे ऊसतोडीचा मुकादम, कोयता तो धरत नाही, टोळी कुठल्या फडात घालायची आणि कधी घालायची एवढं तो ठरवतो. टोळीच आली नसेल तर मुकादम दहा आणा की, फड उभाच राहणार. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की तुझ्या झाडात साखर कमी पडतीय का साखर आहे पण ती फळाकडं जात नाही. दोन्हीला औषध वेगळं, आणि पहिल्याला तर बहुतेक वेळा बाटलीत औषधच नसतं.

आपल्या भागात अजून एक घोळ होतो. आपल्याला सवय उसाची. ऊस सी-फोर जातीचं पीक, म्हणजे गर्मीतही कार्बन नीट पकडणारं, कडक ऊन असलं की तो उलट खूश, पाणी द्या आणि बघत बसा. टोमॅटो सी-थ्री आहे. त्याला 25 ते 30 अंश सेल्सिअस बरं वाटतं, त्याच्या वर गेलं की पानातलं जे एन्झाईम कार्बन पकडतं, रुबिस्को, ते चुकून ऑक्सिजन पकडायला लागतं आणि बनवलेली साखर परत जाळली जाते. हे नुकसान साध्या तापमानालाही चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतं, गर्मी वाढली की अजून वाढतं. म्हणजे मार्च-एप्रिलच्या दुपारी तुझं झाड उन्हात उभं असतं पण धंदा मंद असतो. त्यात रात्री पण गरम असल्या की झाड रात्रभर श्वासात साखर खातं. शिल्लक काय राहणार? दुपारचं पान मऊ पडलं म्हणून संध्याकाळी टॉनिक मारणारे लई बघितलेत, त्या झाडाला टॉनिकची गरज नसते.

आता एकेक संजीवक पानाला काय करतं ते बघ.

जिबरेलिक, म्हणजे जीए. हे पेशी लांब करतं. कांडी लांब होते, पान मोठं होतं, झाड उंच दिसतं, शेतकरी खूश. पण पान पातळ पण होतं, आणि तेवढंच हरितद्रव्य जास्त जागेत पसरल्यामुळं रंग फिका पडतो. पान लहान राहिलेल्या, थंडीत आखडलेल्या झाडाला थोडा फायदा दिसतो कारण ऊन पकडायला जागा वाढते. तुझं झाड आधीच शेंड्याकडं पळतंय, त्याला जीए देणं म्हणजे फळाची साखर काढून शेंड्याला देणं. दुसरं म्हणजे जीएनं फळाच्या बुडाचा काळा डाग, ती कॅल्शियमची भानगड, वाढते. आणि डोसची गंमत बघ. बाजारात जी 0.001 टक्केवाली बाटली मिळते ती लिटरला 2 मिली टाकली तर पाण्यात जीए राहतं 0.02 पीपीएम, म्हणजे लिटरला 0.02 मिलीग्रॅम. आणि तिकडं तासगाव-मिरजेकडचे द्राक्षवाले जी 90 टक्क्यांची पावडर आणतात त्यातली 1 ग्रॅम पुडी 15 लिटरच्या पंपात टाकली तर होतात 60 पीपीएम. तीन हजार पट! नाव एकच, जीए. पावण्याकडनं उरलेली पुडी आणून टोमॅटोवर मारणारे आहेत आपल्यात, मग झाड वेलासारखं चढतं आणि तारेच्या वर जाऊन लोंबतं.

सायटोकायनिन, सिक्स-बीए वगैरे. हे पानाला म्हातारं होऊ देत नाही, हरितद्रव्य टिकवतं. खालची पानं लवकर पिवळी पडतात त्या प्लॉटला कागदावर हे छान वाटतं. पण खालचं पान पिवळं का पडलं ते आधी बघायला पाहिजे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ते मॅग्नेशियम आहे, पोटॅश ड्रिपमधनं लई सोडला की मॅग्नेशियम उचलायचं थांबतं, आणि मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या मधोमध बसलेला अणू आहे, त्याची जागा कुठलंही हार्मोन घेत नाही. गोल गोल रिंगा दिसल्या तर तो करपा. दोन्हीवर सायटोकायनिन मारून काय होणार.

ब्रासिनो, म्हणजे ब्रासिनोस्टेरॉईड. तुझ्या तीन बाटल्यांत पानाच्या कामाशी खरंखुरं नातं असलेलं हेच. याचा रेणू 1979 मध्ये मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या परागकणांतून वेगळा काढून ओळखला. टोमॅटो-काकडीवरच्या अभ्यासात दिसतं की यानं रुबिस्कोचं काम सुधारतं आणि गर्मी, थंडी, क्षार असला ताण असताना पान कमी खचतं. म्हणजे दुकानदार इथं पूर्ण खोटं बोलत नाही. पण ताणातलं झाड सावरणं वेगळं आणि चांगल्या झाडाचा माल दीडपट करणं वेगळं. ट्रायकॉन्टेनॉल नावाच्या संजीवकाचं पण तसंच. 1977 मध्ये अमेरिकेत ते लसूणघासातून सापडलं, टोमॅटोच्या रोपाशेजारी लसूणघासाचा भुगा टाकला तर वाढ चांगली दिसली, तिथून शोध सुरू झाला. काचेच्या घरात झकास आणि शेतात कधी दिसतं कधी नाही, अशी त्याची कायमची तक्रार. स्वस्त आहे म्हणून मारलं तर माझं काही म्हणणं नाही, पण मारलं म्हणून खताचा डोस कमी करू नको.

आता ऑक्सिन, म्हणजे एनएए. इथं पानाचा थेट संबंध कमी आणि फुलाचा जास्त. फुलाचं फलन झालं की कोवळ्या बिया ऑक्सिन सोडतात, त्या इशाऱ्यावर फळ साखर ओढायला लागतं आणि देठाच्या गाठीतनं तुटायचं थांबतं. गळलेलं फूल उचलून बघ, देठाच्या मधोमध जी गाठ असते तिथंच तुटलेलं असेल. बाहेरनं एनएए दिलं की ही तुटण्याची क्रिया लांबते. आणि फळ टिकलं की एक मजा होते, पानातली साखर उचलायला गिऱ्हाईक मिळतं म्हणून पान परत जोमानं काम करतं. साखर उचलली गेली नाही तर ती पानातच साठते, पान जाड होऊन वर गुंडाळतं आणि कामाचा वेग आपोआप कमी करतं. म्हणजे संजीवकानं प्रकाशसंश्लेषण वाढतं हे जे म्हणतात त्यातला बराच भाग असा उलट्या रस्त्यानं येतो, आधी फळ धरलं, मग पान जोरात चाललं.

पण फुकटात काही नाही. फलन न होता नुसत्या हार्मोनवर धरलेलं फळ आतनं पोकळ निघतं, कापलं की गर आणि भिंतीमध्ये मोकळी जागा, हाताला हलकं. बी नाही किंवा एका बाजूलाच बी, म्हणून आकार वाकडा, कधी बुडाला टोक येतं. मार्केट यार्डात व्यापारी कॅरेटमधलं एक फळ दाबून बघतो आणि भाव तिथंच पाडतो. डोस जास्त झाला की हे हमखास. 4.5 टक्क्यांच्या एनएएतून 10 पीपीएमचं पाणी करायचं तर साडेचार लिटरला 1 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला सव्वातीन मिलीच्या आसपास. सुई नसलेली सिरिंज घे मोजायला. आपल्याकडं झाकणानं मोजतात, आणि झाकण भरलं की हात सैल सुटतो तो वेगळाच.

मग तुझी फुलं का गळतात ते शोधू. उद्या सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला प्लॉटमध्ये जा, मोबाईलची स्क्रीन बंद कर, काळी काच पुसून उघडलेल्या फुलाखाली धर आणि फुलाला बोटानं टिचकी मार. पिवळी भुकटी पडली तर पराग तयार आहे, फक्त तो स्त्रीकेसरावर पोचायला हलवाहलव कमी पडतीय. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःचं फलन करतं पण त्याला थरथर लागते, वारा किंवा फुलाला लटकून गुणगुणणाऱ्या रानमाशा. वारं पडलेलं असलं तर रोज त्याच वेळेला तारांना काठीनं हलके ठोके देत एक चक्कर मार. याला पैसे लागत नाहीत म्हणून कोण सांगत नाही. भुकटी पडलीच नाही, तर पराग आतच खराब झालाय. आणि इथं एक गोष्ट लक्षात घे, पराग फूल उघडायच्या दिवशी खराब होत नाही, तो आठ-दहा दिवस आधी कळीत असताना गर्मीनं मरतो. म्हणून आजचं हवामान बघू नको, मागच्या आठवड्यातलं बघ. दिवसा 35 च्या वर आणि रात्री 21-22 च्या खाली उतरतच नसेल तर पराग मरणारच. अशा वेळेला एनएएचा एक हात उपयोगी पडतो, ते पण फुलावर, संध्याकाळी. पोकळ फळ थोडी निघतील पण घोस रिकामा जाण्यापेक्षा बरं.

दुसरी तपासणी, शेंड्याखाली वीतभर अंतरावर खोडाची जाडी बघ. साधारण सेंटीमीटरभर असेल तर झाड तोलात आहे. अंगठ्याएवढं जाड आणि पानं आत वळलेली असतील तर नत्र जास्त झालंय, झाड पाल्यात रमलंय. तू जे शेंडा जोरात आणि काळोखी म्हणतोस त्यावरनं मला हेच वाटतंय. युरिया किंवा नत्राची जी काही ग्रेड सोडतोस ती आठ-दहा दिवस थांबव, पोटॅशकडं वळ, बगलफूट काढ. काळोखीवर जाऊ नको, गडद पान म्हणजे जास्त साखर असं सरळ नसतं.

हेच पावसाळ्यात उलटं असतं. जुलै-ऑगस्टला आठवडाभर सूर्य दिसत नाही, राधानगरी-पन्हाळा बाजूला तर विचारूच नको, तेव्हा खोड पेन्सिलीएवढं बारीक होतं आणि फूल गळतं ते साखरेविना. तिथं एनएए मारून फळ धरवलं तरी पोसायला घरात दाणा नाही, सगळा बारीक माल निघतो. तेव्हा घोसात चार-पाच फळं ठेवून बाकी खुडणं हाच शहाणपणा, पण फळ खुडा म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो.

आता मुळांचं, कारण निम्म्या प्लॉटची दुखणी इथं असतात आणि फवारणी वर चालू असते. काळ्या भारी रानात पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही. मग मुळं एसीसी नावाचा एक पदार्थ वर पाठवतात, तो पानात जाऊन त्याचा इथिलीन वायू होतो, आणि इथिलीननं पानाचे देठ खाली वाकतात. पान सुकलेलं नसतं, ताठ असतं, पण देठ खाली झुकलेला. हे टोमॅटोत इतकं ठळक दिसतं की शास्त्रज्ञांनी हा सगळा प्रकार टोमॅटोवरच उलगडलाय. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो अजून पाणी सोडतो, मग टॉनिक. औषध एकच, पाणी बंद आणि वाफसा येऊ देणं. ड्रिप आहे म्हणजे पाणी बेतात जातं असं कोण म्हणतं, चार-चार तास वॉल्व्ह उघडा ठेवणारे आहेत, लाईट रात्रीची असते आणि झोप लागते.

शिरोळकडच्या क्षारपड रानाचं दुखणं अजून वेगळं. तिथं मुळाला पाणी दिसतं पण उचलता येत नाही, मग झाडात एबीए नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं आणि पानाची छिद्रं मिटतात. छिद्र मिटलं की कार्बन आत येत नाही, प्रकाशसंश्लेषण तिथंच संपलं. तुम्ही वरनं काय पण मारा, दार बंद आहे. ब्रासिनोनं थोडं उशिरा मिटतं एवढंच. सच्छिद्र पाईप टाकून निचरा केलेल्या रानात आणि बांधापलीकडच्या न केलेल्या रानात एकाच वाणाचं झाड बघितलं की पटतं, बाटलीवर जन्मभर खर्च केला तरी तो फरक भरून निघत नाही. माती आणि बोअरचं पाणी, दोन्हीची क्षारता एकदा तपासून घे.

आणि एक खास आपल्या जिल्ह्याचं. चहूबाजूनं ऊस. उसातल्या तणाला टू-फोर-डी मारतात, ते पण ऑक्सिनच आहे, फक्त ताकद राक्षसी. वाऱ्यावर त्याचे थेंब तुझ्या टोमॅटोवर आले की कोवळी पानं अरुंद होतात, नेच्यासारखी, शिरा जवळजवळ आणि समांतर, शेंडा पिळवटतो. लोक याला व्हायरस समजून झाडं उपटतात. ओळखायची खूण अशी की व्हायरस इथं एक झाड तिथं एक झाड असा येतो आणि टू-फोर-डी उसाच्या बांधाकडनं पट्टाच्या पट्टा घेत येतं, आत जाईल तसं कमी होत. शेजाऱ्याशी भांडण्याआधी त्याच्या फवारणीची तारीख विचार. आणि तोच पंप टोमॅटोला वापरत असशील तर आधी तो बाजूला काढ, धुतला म्हणून भागत नाही, वॉशर आणि पाईपमध्ये राहतं ते. आपल्यात अजून काही जण फुलगळीला हेच टू-फोर-डी थेंबभर टाकून मारतात, जुनी माहिती म्हणून. एक-दोन पीपीएमला फळ धरतं हे खरं, पण थेंब दोन पडले की प्लॉट गेला. नको.

वाढ रोखणाऱ्यांबद्दल पण विचारतील म्हणून दोन वाक्यं. सीसीसी म्हणजे लिहोसिन, आणि पॅक्लो म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ही जीए बनायचं थांबवतात, कांडी आखूड होते, पान जाड आणि गडद. नर्सरीत रोपं उंच-लुकडी व्हायला लागली तर सीसीसीचा कमी डोस चालतो. पॅक्लो मात्र मातीत लई दिवस राहतं, टोमॅटोच्या ड्रिपमधनं सोडायची कल्पना कुणी दिली तर त्याला नमस्कार करून घरी ये, पुढच्या पिकाला पण ते भोवतं.

बाटली घेताना लेबल वाच. रासायनिक संजीवकं कीटकनाशक कायदा 1968 खाली येतात, लेबलवर नोंदणी क्रमांक, घटक आणि टक्केवारी छापलेली पाहिजे. समुद्री शेवाळ, ह्युमिक, अमिनो ही जैव-उत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशात घेतलीत, ती वेगळी जात. ज्या बाटलीवर नुसतं चमकदार नाव आणि लालभडक टोमॅटोचा फोटो आहे, घटक काय ते कुठंच नाही, ती फुकट दिली तरी घेऊ नको, आत काय मिसळलंय त्याचा पत्ता नसतो.

तर तुझ्यापुरतं असं कर. जीए नाही. नत्र बंद, वाफसा तपास, सकाळी तारा हलव. भुकटी पडत नसेल आणि रात्री गरम असतील तर एनएए एकदा, मोजून, दुसऱ्या कशात न मिसळता. ब्रासिनो पैसे दिलेच आहेत तर चार-पाच दिवसांनी वेगळी मार. आणि मधल्या दोन ओळींवर काहीच मारू नको, खुणेला रंगीत सुतळी बांध. तिसऱ्या-चौथ्या घोसाला दोन्हीकडच्या दहा-दहा झाडांची फळं मोज आणि वजन कर, नुसती संख्या नको, कारण संजीवकानं फळं वाढतात आणि एकेकाचं वजन घटतं, बेरीज तिथंच राहते असं बऱ्याचदा होतं.

शेवटी तुझा तो पुढचा प्रश्न, भाव चढला की इथेफॉन मारून माल एकदम लाल करावा का. उभ्या प्लॉटवर नको. ते झाडात जाऊन इथिलीन सोडतं, फळाबरोबर पान पण पिवळं पडून गळतं, म्हणजे वरचे घोस पोसणारा कारखानाच बंद. शिवाय एप्रिलच्या गर्मीत त्याचा निम्मा उपयोग होत नाही, 30-32 अंशांच्या वर फळात लाल रंगाचं लायकोपिन बनणंच मंदावतं, पिवळट केशरी रंगावर माल अडकतो. त्यापेक्षा रंग फुटायला लागलेलं फळ सकाळी तोडून सावलीत, हवा खेळेल असं कॅरेटमध्ये ठेव, गोणपाट ओलं करून भिंतीला लाव, दोन-तीन दिवसांत रंग चांगला येतो.